गादी कोणाची, वाटा कोणाचा: इंदुरातल्या दुकान-शेतीची सोय हयातीतच कशी लावावी

मृत्युपत्र हा या कामातला शेवटचा कागद. बहुतेक घरांत मात्र सुरुवातच तिथून होते. वकिलाकडे जाऊन ‘माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत दोन्ही मुलांना समसमान’ असं दीड पानी मृत्युपत्र करून येतात आणि काम झालं असं समजतात. पुढे कळतं की सियागंजचा गाळा अजून आजोबांच्या नावावर आहे, सांवेरची जमीन चार भावांच्या सामलाती (सामाईक) खात्यात आहे आणि धंद्याचा जीएसटी एकट्या वडिलांच्या पॅनवर. जे आपल्या नावावर नाही ते मृत्युपत्रानं कोणाला देता येत नाही. जे आपलं आहे पण कागदावर नीट ओळखू येत नाही, त्यावर भांडण लागतं.

दुसरी गफलत याहून मोठी. ‘गादीवर कोण बसणार’ आणि ‘वाटा कोणाला किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात ते एकाच वाक्यात बोलले जातात म्हणून दोन्ही बिघडतात. चालता धंदा तीन सह्यांवर चालत नाही, तो एकाच्या हातात लागतो. पण एकाच्या हातात दिला म्हणजे बाकीच्यांचा हिस्सा बुडाला असंही नाही. आधी कारभार ठरवा, मग हिशेब.

खाली जे आहे ते हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू असलेल्या कुटुंबांसाठी आणि मध्य प्रदेशातल्या जमिनीसाठी आहे.

आधी यादी, आणि यादीत ‘कशी आली’ हा रकाना

एका वहीत प्रत्येक मिळकतीपुढे पाच गोष्टी लिहा: काय आहे, कोणाच्या नावावर आहे, कशी आली, त्यावर कर्ज किंवा जामीन काय आहे, आणि मूळ कागद कुठे आहे. यातला ‘कशी आली’ हाच रकाना लोक सोडून देतात आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं ते स्वतःचं. मृत्युपत्रानं कोणालाही देता येतं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत त्यांच्यामागे १९५६ नंतर वारसाहक्कानं मुलाकडे आली असेल, तर तीही मुलाची स्वतःचीच धरली जाते. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८६ सालीच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे घरात जिला सगळे ‘वडिलोपार्जित’ म्हणतात अशी पुष्कळशी मिळकत कायद्याच्या नजरेत वडिलोपार्जित नसते. उलट जी खरोखर एकत्र कुटुंबाची आहे, तिच्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली असेल तर ती उलटवता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी ऐंशी सालीच झाली’ हे नुसतं सांगून भागत नाही. त्याला सरकारी कागदांचा आधार लागतो: वेगळी खाती, वेगळं नामांतरण (महसुली कागदावर नाव चढवणं), वेगळी ऋण पुस्तिका (जमीन आणि तिच्यावरच्या कर्जाची सरकारी वही).

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं. अख्ख्या मिळकतीचं केलं, तर जास्तीचा भाग उडतो आणि उरलेल्याबद्दलही संशय मागे राहतो.

आजीचा पाचवा हिस्सा

मृत्युपत्र नसलं तर काय होतं, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. धरा, एका गृहस्थाचा स्वतःच्या कमाईचा गाळा आहे. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि त्याची म्हातारी आई. पहिल्या वर्गाच्या वारसांत आई येते, वडील येत नाहीत. म्हणजे पाच समान हिस्से: बायको १/५, तीन मुलांचे प्रत्येकी १/५ आणि आजीचा १/५.

इथपर्यंत कोणाचं काही अडत नाही, कारण आजी सही करतेच. चार वर्षांनी आजी जाते आणि तिनंही मृत्युपत्र केलेलं नसतं. आता तिचा पाचवा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो: (आजोबा आधीच गेले असं धरून) हयात असलेले एक काका, एक आत्या, आणि गेलेल्या मुलाच्या शाखेला मिळून एक वाटा. काका १/१५, आत्या १/१५. ज्या गाळ्याशी काकांचा कधी संबंध नव्हता, त्या गाळ्याच्या विक्रीखतावर किंवा बँकेच्या गहाणखतावर आता त्यांची सही लागते. काकांचं मन स्वच्छ असेलही; पण त्यांच्यामागे चुलतभाऊ आणि त्यांच्या मागे त्यांच्या बायका-मुलं. म्हणून घरात आजी हयात असेल तर मृत्युपत्राची निकड दुप्पट, आणि आजीचंही एक छोटं मृत्युपत्र त्याच दिवशी करून घ्यावं.

जमिनीचा कागद सरळ करणं

इथे सातबारा नाही. खसरा (सर्व्हे नंबरवार नोंद), बी-१ (खातेदारवार नोंद) आणि नक्शा हे तीन कागद काढा आणि ऋण पुस्तिकेशी ताडून बघा. खसऱ्यावर भूमिस्वामी (जमीनमालक) म्हणून कोणाचं नाव आहे, हिस्सा किती लिहिला आहे, कैफियतीत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, क्षेत्र नक्शाशी जुळतं का, हे बघायचं. फिटलेल्या पीककर्जाचा बोजा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. बँकेचं नाहरकत पत्र घेऊन तो आजच उतरवा. कर्ज घेणारा माणूस गेल्यावर तेच पत्र मिळवायला दहापट वेळ जातो.

नाव आजोबांचंच असेल तर फौती नामांतरणाला, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं चढवण्याला, पर्याय नाही. दोन पिढ्या गेल्या असतील तर मृत्यू ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं वारस दाखवावे लागतात. मधली पिढी गाळून थेट नातवाचं नाव चढवायला गेलं की आत्यांचा हिस्सा गायब होतो, आणि पुढे कोणीतरी हरकत घेतो. अर्जाला मृत्यूचे दाखले, खसरा-बी-१, पटवाऱ्याचा सिजरा (वंशावळ), सर्व वारसांचे आधार आणि समग्र (राज्याच्या कुटुंब-ओळखीचे) क्रमांक लागतात. अर्ज लोकसेवा केंद्रातून किंवा महसूल खात्याच्या आरसीएमएस पोर्टलवरून जातो. इश्तहार (जाहीर नोटीस) निघतो, हरकतीची मुदत जाते, मग तहसीलदार आदेश करतो. वाद नसेल तर राज्याच्या भू-राजस्व (जमीन महसूल) संहितेत त्यासाठी तीस दिवस दिले आहेत. सिजरा मात्र स्वतः वाचून बघा. लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या बहिणीचं नाव ‘सोयीसाठी’ गाळलेला सिजरा हे पुढच्या दाव्याचं पहिलं कारण असतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: नामांतरणानं मालकी मिळत नाही. ती महसुलासाठी केलेली नोंद आहे. नगर निगमच्या संपत्तिकर खात्यावर नाव चढलं, तरी तेच. मृत्युपत्रावर नामांतरण मागितलं आणि एखाद्या वारसानं त्या मृत्युपत्रालाच आव्हान दिलं, तर मालकीचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो.

फौती वेळेत न केल्याचा फटका लगेच बसतो. मयताच्या नावावर गव्हाची समर्थन मूल्याची (हमीभावाची) नोंदणी अडते, किसान क्रेडिट कार्डाचं नूतनीकरण अडतं, पीकविम्याचा पैसा अडकतो.

ज्यांची साताऱ्याकडे किंवा नगरकडे अजून थोडी जमीन आहे, त्यांनी ती यादीत वेगळी दाखवावी. तिचे फेरफार तिथल्या तलाठ्याकडे आणि तिथल्या कायद्याप्रमाणेच होतात. एकाच मृत्युपत्रात दोन्ही राज्यांतली जमीन लिहिता येते. फक्त गट नंबर, गाव, तालुका वेगवेगळा आणि पुरा लिहा.

शेताची वाटणी हयातीत करायची तर

मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये यासाठी चांगली सोय आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. कलम १७८-क प्रमाणे भूमिस्वामी आपली शेतजमीन हयातीतच आपल्या वारसांत वाटून द्यायचा अर्ज तहसीलदाराकडे करू शकतो. सहखातेदारांनी आपसात वाटणी करायची असेल तर कलम १७८. मालकीचाच वाद उपस्थित झाला, तर तहसीलदार काम थांबवून दिवाणी दाव्याकडे बोट दाखवतो. म्हणून सर्वांच्या सह्यांचा फर्द (वाटणीचा तक्ता) आधीच तयार करून न्यावा.

१७८-क फक्त शेतजमिनीला लागतं. डायव्हर्शन झालेला (बिगरशेती) तुकडा, घर, गोदाम यांना वेगळा दस्त लागतो.

वाटणी होते कागदावर आणि अडते शेतात. आदेशानंतर खसऱ्याचं बटांकन होतं, म्हणजे ११२ चे ११२/१, ११२/२ होतात. पण नक्शाची तरमीम, म्हणजे नक्शावर नव्या तुकड्यांची हद्द आखणं, राहून जाते. मग तुकड्याला नंबर आहे पण नक्शावर जागा नाही, अशी अवस्था येते आणि विकताना किंवा कर्ज काढताना सीमांकन अडतं. तरमीम होऊन नव्या नक्शाची नक्कल हातात येईपर्यंत वाटणी पुरी झाली असं धरू नका.

फर्दात या गोष्टी शब्दांत लिहा: नलकूप (बोअरवेल) कोणत्या तुकड्यात आहे आणि बाकीच्यांना पाणी किती दिवसाआड, पंपाचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर आणि बिल कसं वाटायचं, पाइपलाइन कोणाच्या बांधाखालून जाते, मागच्या तुकड्याला रस्ता कुठून आणि किती फूट. ट्रॉली आणि हार्वेस्टर जाईल एवढा रस्ता लागतो, पायवाट नव्हे. रस्ता लिहिला नसेल तर नंतर कलम १३१ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण तोपर्यंत सोयाबीनच्या शेंगा शेतातच तडकलेल्या असतात. तुकडे पाडताना पट्टे लांबीनं पाडायचे की रुंदीनं, यावर सगळी गोम आहे. रस्त्याला लागून असलेला भाग एकाला आणि आतला दुसऱ्याला दिला, तर क्षेत्र सारखं असूनही किंमत सारखी राहत नाही. बायपास किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला तर मुळीच नाही. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेत जमीन येते का, हेही वाटणीच्या आधीच बघून घ्या.

आता पैशाचं एक गणित. धरा: चालता धंदा ६० लाख (माल आणि उधारी मिळून, देणं वजा जाता), गाळा ९० लाख, तीन हेक्टर शेती १ कोटी ८० लाख, घर १ कोटी २० लाख. एकूण साडेचार कोटी. थोरला दुकान चालवतो, धाकटा शेती करतो, मुलगी नाशिकला. आई-वडिलांची इच्छा तिघांना सारखं, म्हणजे दीड-दीड कोटी. थोरल्याला धंदा आणि गाळा दिला, बरोबर दीड कोटी. धाकट्याला सगळी शेती आणि मुलीला घर दिलं, तर धाकट्याकडे ३० लाख जास्त आणि मुलीकडे ३० लाख कमी. सोपं वाटतं ते उत्तर असं: धाकट्यानं बहिणीला ३० लाख रोख द्यावेत.

हे उत्तर टिकत नाही. सोयाबीन आणि गहू मिळून, खर्च वजा जाता हेक्टरी लाखभर उरले असं धरलं, तरी तीन हेक्टरला वर्षाचे तीन लाख. घरखर्चाला एक रुपया न घेता फेडलं तरी दहा वर्षं. शहराजवळच्या जमिनीचा भाव आणि त्या जमिनीचं उत्पन्न यांचा एकमेकांशी मेळ नसतो. शेती करणाऱ्याच्या डोक्यावर रोखीचं देणं ठेवलं की दोन-तीन वर्षांत तो तुकडा विकतो, आणि तोही घाईच्या भावानं. त्यापेक्षा अर्धा हेक्टर मुलीच्याच नावावर करावा. त्याची किंमत याच हिशेबानं ३० लाख, आणि तिघेही दीड कोटीवर येतात. तो तुकडा भाऊच बटाईनं (पिकाच्या वाट्यावर) करत राहील; पण बटाईचा लेखी करार करून त्याची प्रत तहसीलीत द्यावी. मध्य प्रदेशात त्यासाठी २०१६ चा कायदाच आहे. लेखी असलं की बहिणीला जमीन जाईल ही भीती नाही आणि भावाला पिकाच्या नुकसानभरपाईत अडचण नाही.

दुकान आणि कारखाना

एकट्याच्या मालकीचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप, मालकाबरोबरच संपतो. चालू खातं बँक गोठवते, दिलेले पुढच्या तारखेचे चेक परत जातात, वडिलांनी मुलाला दिलेलं मुखत्यारपत्र त्याच क्षणी निकामी होतं. ‘सगळं मीच बघतो, बाबा नुसते बसतात’ असं सांगणाऱ्या मुलाला बँकेच्या लेखी काहीच अधिकार नसतो. जीएसटीचा नंबर मुलाच्या नावावर फिरवता येत नाही. वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते आणि जुन्या खात्यातलं शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मनं, सीएच्या प्रमाणपत्रासह, नव्याकडे न्यावं लागतं. क्रम महत्त्वाचा: आधी आयटीसी-०२, मग जुनी नोंदणी रद्द. घाईघाईनं आधी रद्द करून बसलं तर क्रेडिट अडकतं. जुन्या धंद्याची कराची थकबाकीही धंदा पुढे चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. खाण्याच्या मालाचा धंदा असेल तर अन्नसुरक्षा परवाना वारसांसाठी नव्वद दिवस चालतो, तेवढ्यात नव्यासाठी अर्ज जायला हवा.

हे सगळं टाळायचं तर वडील हयात असतानाच भागीदारी करावी. १ एप्रिलपासून सुरुवात केली की हिशेबाला सोपं पडतं. नवा पॅन, नवा जीएसटी, नवं खातं, मंडी लायसन असेल तर तेही. दोन-तीन महिने कागदांचा त्रास होतो, पण तो सगळे धडधाकट असताना होतो.

भागीदारीपत्र मात्र टायपिस्टकडचं तयार घेऊ नका. भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे, वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. ‘मृत्यूनं फर्म विसर्जित होणार नाही’ हे कलम टाकलं तरी भागीदार दोनच असतील तर ते लागू पडत नाही. एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणून वडील आणि मुलगा एवढ्यावर थांबू नका. आई किंवा सून अशी तिसरी व्यक्ती, पाच टक्क्यांनी का होईना, पहिल्या दिवसापासून घ्या. मग पत्रात हे लिहा: जाणाऱ्याच्या वारसांना भागीदार व्हायचा हक्क आहे की फक्त पैसे घ्यायचा, पैसे कसे मोजायचे (कोणत्या तारखेचा ताळेबंद, माल कोणत्या भावानं, उधारीतून बुडीत किती वजा, नावलौकिकाची किंमत कशी), आणि किती हप्त्यांत, किती व्याजानं द्यायचे. हे लिहिलं नाही आणि हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर वारस आपल्या रकमेवर सहा टक्के व्याज किंवा नफ्यातला हिस्सा, यांतलं जे फायद्याचं ते मागू शकतात. चांगल्या चाललेल्या दुकानात ते काय मागतील हे सांगायला नको.

गाळा फर्मच्या भांडवलात घालायची घाई करू नका. गाळा वडिलांच्या नावावर, धंदा फर्मचा, आणि दोघांत साधा भाडेकरार, अशी मांडणी बहुतेक घरांना पुरते. यामुळे गाळ्याचा वारस आणि धंद्याचा वारस वेगळे ठेवता येतात आणि ज्याला धंदा नको त्याला भाडं मिळतं. गाळा पगडीचा असेल तर तो ‘माझा गाळा’ म्हणून मृत्युपत्रात लिहू नका. पावती कोणाच्या नावाची फाटते ते बघा आणि मालकाशी हयातीतच बोलून घ्या. सांवेर रोडवर किंवा पीथमपूरला लीजचा प्लॉट असेल तर लीजपत्रातल्या हस्तांतराच्या अटी वाचा. भागीदार बदलणं हेसुद्धा काही लीजपत्रांत परवानगीचं काम असतं.

उधारी हा धंद्याचा असा भाग आहे जो बहुधा फक्त वडिलांच्या डोक्यात असतो. दर ३१ मार्चला मोठ्या गिऱ्हाइकांकडून बाकीची लेखी कबुली घ्या. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. मुदतीच्या आत मिळालेल्या सहीच्या कबुलीनं ती नव्यानं सुरू होते. आणि बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटला घरातल्या कोणाकोणाचा जामीन आहे, ते यादीत लिहा. धंद्यातून बाहेर पडलेल्या भावाचा जामीन तसाच राहिला, असं फार आढळतं. वारसाची कर्जाची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती असते. पण जामीनदार म्हणून स्वतः सही केली असेल तर ती मर्यादा राहत नाही.

मुलीकडून लिहून घेणं

वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क मुलीनं सोडला असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात. तो कागद सहसा टिकत नाही. जो हक्क अजून जन्मालाच आला नाही, तो सोडता येत नाही. वडिलांना तिला काही द्यायचं नसेल किंवा आधीच दिलं असेल, तर मृत्युपत्रात कारणासह तसं लिहावं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क आजच आहे, तो सोडता येतो. मात्र हकत्यागपत्र नोंदवलेलं पाहिजे. लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा दिला, ही समजूत कोर्टात चालत नाही. ‘तिघांनी बसून ठरवलं होतं’ अशा कौटुंबिक समझोत्याचं नुसतं टिपण असेल तर नोंदणी लागत नाही. पण त्याच कागदानं वाटणी होत असेल तर मुद्रांक आणि नोंदणी दोन्ही लागतात. टिपणात ‘आज आम्ही वाटून घेत आहोत’ असं लिहिलं गेलं की तो कागद गेलाच.

बक्षीसपत्र की मृत्युपत्र

बक्षीसपत्र नोंदवलं की मिळकत गेली. मन बदललं म्हणून परत येत नाही. मुद्रांक कलेक्टर गाइडलाइनच्या (सरकारनं ठरवलेल्या) किमतीवर लागतो. आजचा दर दस्त लेखकाकडून नोंदणी खात्याच्या संपदा पोर्टलवर काढून घ्या, जवळच्या नात्याची सवलत मागायला विसरू नका. म्हाताऱ्या आई-वडिलांनी राहतं घर बक्षीस देऊ नये हे आमचं स्पष्ट मत. द्यायचंच असेल तर ‘घेणारा आमचं पालनपोषण करील’ ही अट दस्तातच लिहा. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. छतरपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये आईला घर परत देवविलं, आणि त्यात असं लिहून दिलेलं असणं महत्त्वाचं ठरलं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, कितीदाही बदलता येतं. शेवटचं ते खरं. नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृताला उडवतं. दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्यानं त्यांच्यासमोर सही करावी आणि त्यांनी त्याच्यासमोर. साक्षीदार वयानं लहान, शहरातच राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा, कारण पुढे त्यांच्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं. ज्या मुलाला मोठा भाग मिळणार आहे, त्यानं उपपंजीयकाकडे (नोंदणी अधिकाऱ्याकडे) सोबत जाऊ नये, मसुदाही त्यानं करून आणू नये. संशयाची सुरुवात तिथूनच होते. सत्तरीपुढे असाल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

मजकूर असा असावा: ‘मौजा अमुक, तहसील सांवेर, जिल्हा इंदूर येथील सर्व्हे क्रमांक ११२/२, रकबा ०.५०० हेक्टर, माझ्या स्वकमाईनं अमुक तारखेच्या नोंदणीकृत विक्रीपत्रानं घेतलेली, ही जमीन मी माझी मुलगी हिला पूर्ण मालकीनं देतो. ती माझ्याआधी वारल्यास तिच्या मुलांना समसमान.’ शेवटचं वाक्य प्रत्येक मिळकतीपुढे लागतं. ‘उरलेलं सर्व अमक्याला’ असं एक सर्वसमावेशक कलम आणि एक निष्पादक (मृत्युपत्र अमलात आणणारा), हेही हवं. घर बायकोला हयातभर आणि नंतर मुलीला द्यायचं असेल तर शब्द वकिलाकडून तपासून घ्या. मोघम लिहिलं आणि ते तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलं असं ठरलं, तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ती पूर्ण मालक होऊ शकते, आणि मुलीसाठी लिहिलेलं पुढचं वाक्य कोरडं राहतं.

भारतात मृत्युकर १९८५ पासून नाही आणि वारसानं मिळालेल्या मिळकतीवर प्राप्तिकरही नाही. कर लागतो तो वारसानं विकल्यावर, आणि तेव्हा खरेदीची किंमत मूळ मालकाची धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत घेता येते. म्हणून जुनी विक्रीपत्रं फेकू नका. नगर निगमच्या हद्दीपासून हवाई अंतरानं आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन इंदुरात भांडवली मिळकत धरली जाते. त्यापलीकडची, नगरपालिकांच्या हद्दीपासूनही लांब असलेली, सहसा नाही. वाटणीत दोन सारख्या किमतीचे तुकडे विक्रीनंतर सारखे उरत नाहीत, ते यामुळे.

नॉमिनी आणि फाइल

नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात २०१५ पासून थोडं वेगळं आहे: आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात. नॉमिनीचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवलं की अर्धी भांडणं मिटतात.

एक फाइल करा: यादी, मूळ कागदांच्या जागा, सीए-वकिलाचे नंबर, जीएसटी आणि बँकेचे लॉगिन कोणाच्या मोबाइलला जोडलेले आहेत ते. मालक गेल्यावर त्याचं सिम बंद करायची घाई करू नका. रिटर्न, नोंदणी, वीजबिल, सगळ्याचे ओटीपी त्यावर येतात. नवे क्रमांक जोडून होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. मात्र मयताची डिजिटल सही वापरून काहीही भरू नका. मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडायलाच वारसांचे कागद मागतील. ते निष्पादकाकडे द्या, नाहीतर बंद लिफाफ्यात जिल्हा पंजीयकाकडे जमा करा. घरात लग्न, जन्म, मृत्यू, मोठी खरेदी-विक्री झाली की त्या महिन्यात फाइल आणि मृत्युपत्र दोन्ही उघडून बघा. सर्व्हे नंबरचं बटांकन झालं असेल तर मृत्युपत्रातला जुना नंबरही त्याच वेळी बदलून घ्या.